वॉक्सहॅचीचं कोर्टहाउस: जुनं किती, नवं किती?

महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक काका सध्या मुलीकडे डॅलसला आले आहेत. वॉक्सहॅचीचं एलिस काउंटी कोर्टहाउस बघून आल्यावर त्यांनी विचारलं आहे: "इमारत १८९७ सालची म्हणतात, पण दिसते अगदी कालपरवा बांधल्यासारखी. त्यातलं खरं जुनं किती आणि नवं किती? भिंती एवढ्या दणकट दगडी असताना दुरुस्तीला लाखो डॉलर कशाला लागतात? आणि अमेरिकेसारख्या देशात दगडांमधल्या दरजांमध्ये सिमेंट सोडून चुना का भरतात?"

काका, मी टेक्सासमध्ये जुन्या सार्वजनिक इमारतींच्या संवर्धनाचं काम करते. वॉक्सहॅचीच्या कामात मी नव्हते, पण त्याच पिढीतल्या दुसऱ्या कोर्टहाउसांच्या परांच्यांवर चढून त्यांच्या दरजा मी बोटांनी चाचपल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. बाहेरून दिसणारा गुलाबी ग्रॅनाइट, लाल वाळूचा दगड आणि त्यावरचं कोरीवकाम जवळजवळ सगळं मूळचं आहे. आतमध्ये जे जुनं दिसतं त्यातलं बरंचसं २००२ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात पुराव्यानिशी परत आणलेलं आहे. आणि जे तुम्हाला दिसलंच नाही, म्हणजे विजेच्या तारा, पाण्याचे नळ, वातानुकूलन, आग विझवण्याची व्यवस्था, ते नवं. अशा कामांत खर्चाचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या गोष्टींवर जातो, आणि उरलेला हातकामाच्या मजुरीवर. दगड विकत घ्यायला फारसे पैसे लागतच नाहीत.

काउंटी कोर्टहाउस म्हणजे नुसतं न्यायालय नव्हे, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. आपल्याकडची कलेक्टर कचेरी, दुय्यम निबंधकाचं कार्यालय, कोषागार आणि जिल्हा न्यायालय एकाच छपराखाली आणली, की टेक्सासचं कोर्टहाउस तयार होतं. जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने, मृत्युपत्रं, मिळकतीचा कर, सगळं इथेच. काउंटीचा कारभार पाहणारा काउंटी जज आणि त्याच्याबरोबरचे चार कमिशनर बसतात तेही इथेच. म्हणून या इमारतींमध्ये दस्तऐवजांच्या जाड भिंतींच्या खोल्या असतात, लोखंडी दारांच्या. आग लागली तर माणसं पळतील, सातबारा पळत नाही. टेक्सासात अनेक काउंट्यांचे सुरुवातीचे सगळे दस्त कोर्टहाउसच्या आगीत गेलेत, आणि मग कोणाची जमीन कुठपर्यंत यावर पिढ्यानपिढ्या वाद चालले.

एलिस काउंटी १८४९ साली झाली. आजचं कोर्टहाउस हे तिथलं चौथं. आधीची तीन लहान होती, काळाप्रमाणे अपुरी पडत गेली. १८८१ साली टेक्सासच्या विधिमंडळाने काउंट्यांना कोर्टहाउस बांधण्यासाठी कर्जरोखे काढायची मुभा दिली आणि पुढच्या वीसेक वर्षांत राज्यभर दगडी कोर्टहाउसांची लाटच आली. काउंटीचं मुख्य ठाणं त्या काळी हलवता येत असे. शेजारचं गाव आज ना उद्या मतदान घेऊन ते पळवेल, ही भीती खरी होती. चौकाच्या मधोमध ग्रॅनाइटचा डोंगर उभा केला की ठाणं हलवायची भाषा बंद व्हायची. एलिसला हे परवडलं ते कापसामुळे. हा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरीचा, म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कपाशीच्या जमिनीची सख्खी बहीण. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमीन कापसाला चांगली, पायाला वाईट. त्यामुळे या भागात कुठल्याही जुन्या इमारतीला तडा दिसला की मी आधी भिंतीकडे बघत नाही, पावसाचं पाणी कुठे पडतं आणि कुठे मुरतं ते बघते. पायाजवळची माती वर्षभर सारख्याच ओलीची राहिली तर निम्मे तडे हलायचे थांबतात. एका बाजूला पन्हळ गळतेय आणि दुसऱ्या बाजूला हिरवळीला रोज पाणी मारलं जातंय, असं असेल तर वर कितीही चुना भरा, तडा पुन्हा उघडणार.

वास्तुकार होता जेम्स रायली गॉर्डन. जन्म १८६३, म्हणजे कोनशिला बसली तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला. टेक्सासात त्याने दीड डझन कोर्टहाउसं केली, नंतर ॲरिझोनाचं कॅपिटल, म्हणजे तिथलं विधान भवन केलं आणि पुढची कारकीर्द न्यूयॉर्कमध्ये घालवली. पिट्सबर्गच्या ॲलेघनी काउंटी कोर्टहाउसनंतर जी जाड दगडांची, बसक्या गोल कमानींची रोमनेस्क शैली अमेरिकाभर पसरली, तीच इथे आहे. पण गॉर्डनचं खरं डोकं दिसतं ते नकाशात. त्याने इमारत अधिक-चिन्हाच्या आकाराची केली आणि चार हातांच्या मधल्या चार कोपऱ्यांत प्रवेशाचे पोर्च ठेवले. बरोबर मधोमध जिना, आणि जिन्याच्या डोक्यावर थेट मनोरा. कोपऱ्यांतल्या सावलीच्या पोर्चमधून गार हवा आत शिरते, तापलेली हवा जिन्याच्या पोकळीतून वर चढते आणि मनोऱ्यातून बाहेर पडते. टेक्सासच्या चाळीस अंशांच्या उन्हात, विजेच्या पंख्यांच्या आधी, माणसं इथे दिवसभर बसून खटले चालवत होती ती या रचनेच्या भरवशावर. अशाच नकाशाची त्याची इतर कोर्टहाउसं अजून उभी आहेत. डिकेटरचं वाइज काउंटी कोर्टहाउस तर याचं जुळं भावंडच. फोर्ट वर्थच्या बाजूला जाणं झालं तर तेही बघा, दोन्ही पाहिल्यावर मी काय म्हणते ते जास्त कळेल.

विसाव्या शतकाच्या मध्यात अशा इमारतींवर जे झालं त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. काउंटीची लोकसंख्या वाढली, खाती वाढली, जागा पुरेना. मग दुमजली उंचीच्या न्यायदालनाच्या मध्ये स्लॅब टाकून वर नवी कार्यालयं केली. वातानुकूलन आलं, त्याचे पत्र्याचे बोगदे लपवायला खोटी छतं आली. उंच खिडक्यांचा वरचा अर्धा भाग त्या छताच्या मागे गेला, काही खिडक्यांत एसी बसले आणि त्यांचं पाणी वर्षानुवर्षं वाळूच्या दगडावर ठिबकत राहिलं. जिन्याची पोकळी बंद केली. म्हणजे ज्या एका कल्पनेवर इमारत उभी होती तीच बुजवून टाकली. सॅन अँटोनियोच्या बेअर काउंटीत तर गॉर्डनच्याच इमारतीला मागून मोठी जोडकामं चिकटवली होती. ती पाडून, मोठं न्यायदालन पूर्ण उंचीने पुन्हा मोकळं केल्यावर २०१५ साली त्या इमारतीचा श्वास परत आला. ह्यूस्टनच्या १९१० सालच्या कोर्टहाउसमध्येही घुमटाखालची पोकळी अशीच मजले टाकून भरली होती. तीही २०११ पर्यंत उघडली गेली.

मोडतोडीला पहिला लगाम १९७१ साली बसला. कोर्टहाउस पाडायचं, विकायचं किंवा त्यात मोठा बदल करायचा असेल तर काउंटीने टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनला, म्हणजे राज्याच्या वारसा आयोगाला, सहा महिने आधी कळवलं पाहिजे, असा कायदा झाला. त्याने पाडकाम थांबलं, पण गळणारी छपरं थांबली नाहीत. १९९८ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या देशव्यापी संस्थेने देशातल्या सर्वांत धोक्यातल्या अकरा वारशांच्या यादीत टेक्सासची कोर्टहाउसं एकगठ्ठा घातली. पुढच्याच वर्षी राज्याने स्वतंत्र अनुदान योजना सुरू केली आणि पहिल्या फेरीला ५ कोटी डॉलर दिले. २५४ काउंट्यांचं राज्य, पन्नास वर्षांहून जुनी कोर्टहाउसं दोनशेच्या वर. पैसे कुठे पुरणार? पण योजना हुशारीने आखली होती. काउंटीने आधी तज्ज्ञांकडून इमारतीचा संपूर्ण आराखडा करून घ्यायचा, स्वतःचा वाटा घालायचा आणि पुढे इमारतीला धक्का न लावण्याचा करार नोंदवायचा. या योजनेतून सर्वांत आधी, २००१ साली, पूर्ण झालं ते ऑल्बनी गावातलं शॅकलफर्ड काउंटी कोर्टहाउस. वॉक्सहॅची लगेच दुसऱ्या वर्षी. तेव्हापासून सत्तरहून जास्त इमारती मार्गी लागल्या आहेत.

त्या आराखड्यात सगळ्यात आधी ठरतं ते वर्ष. इमारत कुठल्या काळाला परत न्यायची? पुरावा असेल तिथपर्यंतच जायचं, मनाने काही घालायचं नाही. गॉर्डनची रेखाचित्रं ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या वास्तुकला संग्रहात जपलेली आहेत, हे मोठं भाग्य. त्याशिवाय जुने फोटो, वर्तमानपत्रं, काउंटीच्या सभांची इतिवृत्तं, आणि खुद्द भिंत. रंगाचा शोध कसा घेतात ते सांगते. दाराच्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे हात पोहोचत नाही, तिथे धारदार पात्याने नाण्याएवढी खळगी करायची आणि कडा बारीक पॉलिशने उतरत्या घासायच्या. भिंगाखाली एकामागून एक रंगांची वलयं दिसतात: वर सरकारी पांढरा, खाली फिका हिरवा, त्याच्याखाली करडा, आणि लाकडाला टेकलेला सर्वांत जुना थर बहुतेकदा असा गडद की मालकाला पटतच नाही. कित्येक दारं पाइनच्या साध्या लाकडाची असतात, पण त्यावर ओकच्या रेषा कंगव्याने आणि पिसाने रंगवलेल्या असतात. पुन्हा तशा रेषा काढणारे रंगारी आज मोजकेच आहेत. त्यांच्या मजुरीचा आकडा बघून काउंटीचे हिशेबनीस दचकतात, पण ते काम पाहिल्यावर कोणी हुज्जत घातलेली मी पाहिली नाही.

आता चुन्याचं. तुम्ही गावाकडे घाण्यावर मळलेल्या चुन्याचे वाडे पाहिले असतील. इथे गूळ-बेलफळ घालत नाहीत, पण तत्त्व तेच. दगडी भिंत पाणी पिते आणि सोडते. तिने ते दरजेतून सोडावं यासाठी दरज दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असावी लागते. ग्रॅनाइटला काही फरक पडत नाही, तो कशालाच दाद देत नाही. लाल वाळूचा दगड मात्र नाजूक. दरजांमध्ये कडक पोर्टलंड सिमेंट भरलं की पाण्याचा रस्ता बंद होतो, ते दगडातून बाहेर पडायला बघतं, जाताना क्षार पृष्ठभागाशी सोडतं. आधी पांढरा लोणा दिसतो, मग पोपडे सुटतात, मग कोरलेल्या पानाची कडा हातात येते. मी अशा भिंती पाहिल्या आहेत जिथे सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आल्या होत्या आणि मधला दगड दोन बोटं मागे गेला होता. दुरुस्ती करणाऱ्याने मजबूत म्हणून सिमेंट वापरलं, आणि त्या मजबुतीनेच दगड खाल्ला. त्याच्या जोडीला वाळूचा मारा करून दगड 'स्वच्छ' करण्याची टूम होती. त्याने दगडाची वरची टणक कातडी जाते आणि ती परत येत नाही. आता आम्ही पाणी, मऊ ब्रश आणि लागलं तर सौम्य रसायन, यापुढे जात नाही.

सिमेंट काढणं हे भरण्यापेक्षा अवघड. आडव्या दरजेच्या मध्यावर निष्णात माणूस बारीक पात्याचं यंत्र चालवू शकतो. उभ्या दरजेत मात्र यंत्र नेलं की ते वरच्या-खालच्या दगडात घुसतंच. तिथे छिन्नी आणि हातोडी. दरज जेवढी रुंद त्याच्या दुप्पट-अडीचपट खोल मोकळी करायची. जुन्या चुन्याचा तुकडा प्रयोगशाळेत आम्लात विरघळवतात. चुना निघून जातो, तळाशी मूळची वाळू उरते. तिचा रंग, कणांचा आकार, टोक गोल की अणकुचीदार, ते पाहून तशीच वाळू शोधायची, कारण चुन्याच्या दरजेचा रंग वाळू ठरवते. मग भिंतीच्या आडबाजूला नमुन्याचा एक चौरस भरायचा, तो पुरता वाळल्यावर दिवसाच्या वेगवेगळ्या उजेडात बघायचा, आणि पसंत पडल्यावरच पुढे. भरल्यावर तीन-चार दिवस ओलं गोणपाट. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये हे गोणपाट तासाभरात कोरडं ठणठणीत होतं, म्हणून उन्हाची बाजू आम्ही सावलीचं कापड बांधल्याशिवाय घेत नाही आणि जमलं तर ते काम ऑक्टोबरवर ढकलतो. ठेकेदाराला हे पटवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

तुम्हाला तिथे कोणीतरी पोर्चच्या खांबांवरचे चेहरे दाखवले असतीलच. एक पाथरवट मेबल नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, आधी तिचा सुंदर चेहरा कोरला, तिने झिडकारल्यावर पुढचे चेहरे कुरूप होत गेले, अशी गोष्ट सांगतात. गोड आहे, पण कागदपत्रांचा आधार नाही. विचित्र मुखवटे हा रोमनेस्क शैलीचा नेहमीचा अलंकार आहे आणि कोरीवकाम व्यवसाय म्हणून करणाऱ्या कारागिरांनी ते ठेक्यावर केलेलं होतं. माझ्या मते त्या अनाम कारागिरांचं कसब प्रेमभंगाच्या कथेपेक्षा जास्त कौतुकाचं आहे. वाळूच्या दगडात नाकपुडीची कड इतकी पातळ ठेवून ती सव्वाशे वर्षं टिकवणं सोपं नाही.

जपण्यासारखं सगळंच सुंदर नसतं. टेक्सासच्या कित्येक न्यायदालनांत वर लाकडी सज्जा असतो. जीर्णोद्धारात तो पुन्हा मोकळा झाला की पाहुणे माना वर करून कौतुक करतात. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय नागरिकांना अनेक ठिकाणी त्याच सज्ज्यात बसवलं जायचं. वॉक्सहॅचीच्या तळघरात पिण्याच्या पाण्याच्या जागेवर, भिंतीवर रंगवलेला 'नीग्रोज' हा शब्द होता. जीर्णोद्धारानंतर तो न पुसता इतिहासाचा पुरावा म्हणून राहू दिला गेला. २०२० साली काउंटीच्या एका कृष्णवर्णीय कॉन्स्टेबलचं कार्यालय नेमकं त्याच भागात आल्यावर त्याने जाहीरपणे आक्षेप घेतला आणि मोठा वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे. असा पुरावा नष्ट करायचा नाही. त्याची नोंद, फोटो, जागा आणि संदर्भ जपायचा. पण सरकारी कचेरी हे संग्रहालय नाही, तिथे रोज कामाला येणाऱ्या माणसाला त्या शब्दाखालून जायला लावायचं नाही. आपण परत आणलेलं साल कोणासाठी सुखाचं होतं आणि कोणासाठी नव्हतं, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवा, आणि तो अजून फार थोड्या आराखड्यांत असतो.

न दिसणाऱ्या खर्चाकडे परत येते. गॉर्डनची जिन्याची उघडी पोकळी हवा छान ओढते, तसाच धूरही ओढते. आगीच्या नियमांत असा उघडा जिना बसत नाही. मग फवारे, धूर ओळखणारी यंत्रं, आणि आग लागताच चुंबकाची पकड सोडून आपोआप मिटणारी दारं, हे सगळं जुन्या लाकूडकामाच्या आड बसवावं लागतं. १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्याप्रमाणे लिफ्ट हवी. ती कुठेतरी दस्तखोलीच्या कोपऱ्यात दडवावी लागते. सुरक्षेसाठी धातुशोधक यंत्र एकाच दारी ठेवायचं म्हटलं की गॉर्डनच्या चार प्रवेशांपैकी तीन बंद होतात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं आणि अजून चांगला तोडगा सापडलेला नाही. वॉक्सहॅचीत रोजचे बरेचसे खटले आता जवळच्या नव्या इमारतीत चालतात. जुन्या इमारतीवरचा भार त्याने हलका झाला, पण तिथे काउंटीचा कारभार चालू आहे हे महत्त्वाचं. रिकामी इमारत लवकर मरते, कारण छप्पर गळलं तर कळायला खाली कोणी नसतं.

आगीची किंमत हिल काउंटीला विचारा. हिल्सबरोचं १८९० सालचं कोर्टहाउस १ जानेवारी १९९३ ला जळालं. मनोरा कोसळला, आतलं सगळं गेलं, दगडी भिंती उभ्या राहिल्या. त्याच काउंटीत जन्मलेला गायक विली नेल्सन निधीसाठी गायला आणि १९९९ मध्ये इमारत पुन्हा उघडली. तिथे तुम्ही "नवं किती?" विचारलं असतंत तर उत्तर वेगळं आलं असतं: कवच जुनं, आतलं जवळजवळ सगळं नवं. मेसन काउंटीचं कोर्टहाउस जीर्णोद्धाराच्या तयारीसाठी रिकामं केलेलं असताना फेब्रुवारी २०२१ मध्ये कोणीतरी पेटवून दिलं. दस्त आधीच हलवले होते म्हणून ते वाचले, आणि भिंतींच्या आत पुन्हा बांधकाम झालं. एलिसचं तसं नाही. तिथे पायऱ्यांपासून मनोऱ्यापर्यंत मूळची इमारत सलग उभी आहे, म्हणूनच तिच्यावर केलेला खर्च मला रास्त वाटतो.

जमलं तर पुन्हा एकदा मोठ्या पावसानंतर जा, आणि कामाच्या दिवशी जा, म्हणजे आत शिरता येईल. बाहेर पन्हळींच्या खालचा लाल दगड बघा. ओलीचा काळपट पट्टा जिथे दिसेल तिथे पुढची दुरुस्ती सुरू होणार आहे. राज्याने जीर्णोद्धार झालेल्या कोर्टहाउसांच्या देखभालीसाठी कर्मचाऱ्यांना शिकवण्याचा वेगळा उपक्रम चालवला आहे, आणि त्यात पहिला धडा पन्हळ आणि छपराचे सांधे वर्षातून दोनदा साफ करण्याचा असतो. अंदाजपत्रकात काटछाट करायची वेळ आली की कमिशनर सर्वांत आधी नेमकी हीच ओळ खोडतात.